चारशे मीटर, रागाच्या जोरावर

'प्रेरणा' हा शब्द कुणी उच्चारला की हल्ली मी विषय बदलते. गेल्या हिवाळ्यात तो ऐकून ऐकून माझे कान किटले. मुलगी ऋचा हैदराबादहून रोज सकाळी धावणाऱ्या बायकांचे व्हिडिओ पाठवायची. शाळेच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याचे फोटो यायचे आणि खाली लिहिलेलं असायचं, 'उठा, आजचा दिवस तुमचा आहे.' असेल बाई माझा. पण त्या दिवसांत जिन्याच्या आठ पायऱ्या चढल्या की मला कठड्याला धरून उभं राहावं लागायचं, आणि हे त्या फोटोत कुठे दिसत नव्हतं.

तरी डिसेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत, चार दिवसांचा खाडा सोडला तर, मी रोज घराबाहेर पडून चालले. नाशिकच्या थंडीत. हे कसं जमवलंत, असं लोक विचारतात. त्यांना ध्यान, संकल्प, सकारात्मक विचार असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी खरं उत्तर दिलं की त्यांचा चेहरा पडतो. मी रागाने चालले. ज्यांना माझ्यासारखा खोकला झालाय आणि ज्यांना घरचे 'थंडी आहे, पडून राहा' म्हणतायत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

*

मी देवळाली कॅम्पमधल्या एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे. दोन वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला. आधी सगळ्यांनी खडूवर ढकललं. मग हवेवर, मग ॲलर्जीवर, मग वयावर. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, तीन वेगवेगळ्या रंगांची औषधं झाली. माझं वजन उतरायला लागलं तेव्हा माझी नणंद शैलाताई म्हणाली, "वहिनी, छान बारीक झालीस हो." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात वर्गात एक प्रमेय सांगता सांगता माझं वाक्य मध्येच तुटलं. श्वासच उरला नाही. मुलींनी खुर्चीत बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी छातीच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी फुफ्फुसांचा स्कॅन उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "घरी कबुतरं आहेत का?"

मला हसू आलं. "पाळलेली नाहीत मॅडम. आपली येतात."

"किती येतात?"

मी नवऱ्याकडे बघितलं. प्रमोद बुटांच्या नाड्यांकडे बघत होते. "गॅलरीत बसतात दोन-चार," ते म्हणाले.

दोन-चार! आमच्या गॅलरीत सकाळी सातला पाय ठेवायला जागा नसायची. जन्मभर बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला तेवढी कबुतरं मोजता आली नाहीत? मी म्हणाले, "शंभरेक असतात. आम्ही दाणे घालतो." 'आम्ही' का म्हणाले, ते आजही मला कळत नाही. दाणे मी कधीच घातले नव्हते.

डॉक्टर शांतपणे बोलल्या. विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुफ्फुस कडक होत चाललं होतं. जे कडक झालंय ते पुन्हा मऊ व्हायचं नाही. उरलेलं वाचवायचं. फेब्रुवारीअखेर तपासणी होईल. सहा मिनिटांत चारशे मीटर चालता आलं पाहिजे आणि बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाता कामा नये. नाहीतर घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायचं, आणि शाळा विसरायची.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. मला मरणाची भीती वाटत नव्हती. मला दिसत होती ती नाकातली नळी, जिची लांबी हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत पुरेल का, याचा हिशोब मी करत बसले होते.

*

आता ही कबुतरं आली कुठून, ते सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी पौषात माझ्या सासूबाई गेल्या. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळे होते, नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. पण एकही शिवेना. शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं आपण धरतो. मग सगळ्यांनी हात जोडून एकेक कबूल करायला सुरुवात केली. शैलाताईने काय काय कबूल केलं. मी म्हणाले, "आई, घराची काळजी करू नका, मी आहे." प्रमोद तर लहान पोरासारखे विनवत होते. दोन तास झाले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि आम्ही घरी आलो.

प्रमोदच्या मनातून ते गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅलरीत आईंच्या देवघरातली तांब्याची ताटली ठेवायला सुरुवात केली. दहीभात, पोळीचा तुकडा, थोडी ज्वारी. कावळ्यासाठी. आणि आली कबुतरं. "मुका जीव आहे, हाकलायचं कसं?" असं करत ज्वारीचा वाटा वाढत गेला.

आणि मी काय केलं? दर रविवारी पत्र्याचा तुकडा घेऊन वाळलेली घाण खरवडली, कोरड्या झाडूने झाडली, तोंडाला साधा पदरही न लावता. गॅलरी स्वच्छ ठेवण्यात माझा हात कुणी धरत नाही, असा मला अभिमान होता. तीन वर्षं ते विष मी स्वतः उडवलं आणि स्वतः ओढलं. राग फक्त नवऱ्यावर नव्हता, हे समजून घ्या.

*

दवाखान्यात नऊ दिवस होते. पहाटे पाचला दिवे लागायचे, मावशी लादी पुसायला यायच्या, मग रक्त, मग गोळ्या, मग कालच्यासारखाच उपमा. दुपारी व्हरांड्यात दोन खुर्च्या लांब ठेवून मला त्यांच्यामध्ये चालवायचे. पहिल्या दिवशी एकशे चाळीस मीटरला मी मटकन खाली बसले. शेजारून सलाईनचा स्टँड ढकलत एक ऐंशीचे आजोबा आरामात निघून गेले.

माझ्या शेजारच्या खाटेवर सिन्नरच्या हौसाबाई होत्या. आयुष्यभर विड्या वळल्या, तंबाखूची धूळ छातीत गेली. अंगाने काडी, पण व्हरांड्यात माझ्यापुढे जायच्या. एकदा मी रडत बसले होते तर म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या, मी अडाणी. पण एक सांगते. रडू आलं का दम लागतो. राग आला का पाय उचलतो. कोणावर तरी चिडा अन् चाला."

"तुम्ही कुणावर चिडता?"

"माझ्या जावंवर. माझ्या लग्नातली पितळी घागर दाबून बसली हाय ती. तिचं तोंड आठवते अन् निघते."

नऊ दिवसांत मला मिळालेला हा एकमेव कामाचा सल्ला. घरी जाताना आम्ही ठरवलं की रोज ज्याचं चालणं आधी होईल त्याने दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा.

*

घरी आले तेव्हा गॅलरीला जाळी बसलेली होती. गॅलरी धुतलेली होती. ताटली दिसत नव्हती. प्रमोदनी हे सगळं न सांगता केलं होतं, आणि मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

मग थंडी पडली. आणि माझ्या चालण्याच्या वाटेवर सगळं जग आडवं झोपलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धुकं विरल्यावर, ऊन आल्यावर, नाकातोंडाला रुमाल बांधून मोकळ्यावर चाला. घरच्यांना त्यातलं फक्त 'धुकं' ऐकू आलं. शैलाताई डिंकाचे लाडू घेऊन आली. "हे खा आणि गुपचूप शेकत बस." प्रमोद चहाबरोबर पेपर उघडायचे आणि पहिली बातमी वाचायचे, "निफाडचा पारा आणखी उतरला."

"मी निफाडला राहत नाही," मी म्हणायचे.

"अगं, पण तिथून वारा इकडेच येतो."

त्यात त्या स्टेरॉइडच्या गोळ्या. तोंड पुरीसारखं फुगलं, भूक राक्षसाची, आणि मी काही बोलले की प्रमोद पाहुण्यांना सांगायचे, "गोळ्यांनी चिडचिड होते हिची." ही गोळ्यांची चिडचिड नाही हो. ही माझी स्वतःची आहे, कष्टाने कमावलेली.

पांघरुणापासून दारापर्यंतचं अंतर सगळ्यात लांब होतं. एकदा बाहेर पडलं की कॉलनीमागे पाटाच्या कडेने रस्ता जातो, तिथे चालायचं. पहिल्या आठवड्यात वीजमंडळाच्या डीपीपर्यंत, आणि परत. दुसऱ्या आठवड्यात बंद पडलेल्या रसवंतीपर्यंत. बाजूने द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन निफाडकडे जाणारे टेम्पो जायचे. बोटं गारठायची. पहिल्या दोन मिनिटांत खोकला यायचा आणि समोरून येणारे निरोगी लोक सल्ला द्यायचे, "मॅडम, अनुलोम-विलोम करा." त्या दिवशी अनुलोम-विलोमवर चिडून मी रसवंतीच्या पुढे पन्नास पावलं गेले. कधी नणंदेच्या लाडवांवर चिडले, कधी 'दोन-चार'वर. 'दोन-चार' तर हुकमी होतं. कितीही गळून गेले तरी त्या शब्दांवर एक फेरी निघायचीच. घरी येऊन पावलांचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचा आणि हौसाबाईंना मिस्ड कॉल द्यायचा. बहुतेक वेळा त्यांचा आधीच आलेला असायचा.

नाताळाच्या सुमारास प्रमोद बदलले. पारा वाचणं बंद झालं. साडेआठ वाजले की स्वतः माझा स्कार्फ आणून द्यायचे. "जा, जा, ऊन आलं. चांगली अर्धा-पाऊण तास फिरून ये. घाई करू नको." मी हे ऋचाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बघ आई, बाबा तुला मोटिव्हेट करतायत." मला खरंच भरून आलं. त्या दिवसांत मी रागाशिवायही चालले, आणि बरी चालले.

*

संक्रांतीनंतर एक गोष्ट जुळेना. रस्त्यावर माझी पावलं वाढत होती, पण घरात बसल्या बसल्या बोटावरचा आकडा उतरत होता. खोकला परत आला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "घरात कुणी कबुतरांजवळ जातं का? कपड्यांवरून येतं ते." मी छातीठोकपणे म्हणाले, "नाही. जाळी लावली आहे."

त्याच आठवड्यात फिरून येत होते तर फाटकाशी वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, सरांना सांगा ना, गच्चीवर ज्वारी जरा कमी टाका. टाकीवर लय घाण होते. वरचे लोक मला बोलतात."

"कोण सर?"

"आपलेच सर. तुम्ही फिरायला गेल्या की रोज वर जातात."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. माझ्या दारावरून मी पुढे गेले. आठ पायऱ्यांना थांबणारी बाई, गच्चीपर्यंत एकदाही न थांबता चढले. यात शौर्य काही नाही, शुद्ध मूर्खपणा आहे, तुम्ही करू नका. दार ढकललं. गच्ची राखाडी झाली होती. मध्ये प्रमोद उभे होते, अंगात तपकिरी स्वेटर, जो रोज माझ्या शालीशेजारी खुंटीला टांगलेला असायचा. हातात आईंची ताटली.

दाराच्या आवाजाने सगळी कबुतरं एकदम उडाली. मी स्कार्फ तोंडावर दाबला.

"तू खाली जा," ते ओरडले. "आधी खाली जा तू!"

"नाही जाणार. बोला. काय आहे हे?"

त्यांची मान खाली गेली. "आईला अजून शिवला नाही गं. एक कावळा येतो इथे, टाकीवर बसतो, पण उतरत नाही. एकदा उतरू दे. एकदाच. मग बंद करतो सगळं, तुझी शप्पथ."

"शंभर कबुतरांत कावळा उतरेल कशाला? आठवीतल्या पोराला कळेल हे! आणि माझी शप्पथ घालू नका, मी फार दिवस पुरणार नाही. मला फिरायला पाठवत होता होय? स्कार्फ आणून देत होता! तुमच्या आईला कावळा शिवला नाही, म्हणून आता माझ्या पिंडाची तयारी चालवलीत का?"

एवढं बोलायला मला किती वेळ लागला, ते सांगत नाही. शेवटचे शब्द आवाजाशिवायच निघाले. मी कठड्याशी बसले, खिशातलं यंत्र बोटाला लावलं आणि हात त्यांच्यापुढे धरला. एकोणऐंशी.

त्यांनी ताटली खाली ठेवली, स्वेटर काढून लांब फेकला, मला जिन्यात आणलं आणि माझं बोट धरून खालच्या पायरीवर बसले. इतक्या महिन्यांत त्यांनी तो आकडा कधी पाहिला नव्हता. दवाखान्यातही ते बाहेरच्या बाकावर बसायचे. आता मोठ्याने वाचू लागले. "ऐंशी... ऐंशीच आहे... एक्क्याऐंशी..." नव्वदपर्यंत यायला आकड्याने फार वेळ घेतला. ते रडत होते. मी त्यांचे डोळे पुसले नाहीत.

*

चार दिवसांचा खाडा तो हाच. डॉक्टर मला बोलल्या, प्रमोदना त्याहून जास्त बोलल्या, गोळ्या वाढल्या. तिसऱ्या दिवशी हौसाबाईंचा मिस्ड कॉल न येता खराच कॉल आला. "ओ बाई, मेल्या का काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आन् मी घागरीचं घेऊन बसले! बाई, तुमच्याकडं लय भारी राग हाय. वाया नका घालवू."

पाचव्या दिवशी साडेआठला मी स्कार्फ बांधला. प्रमोद दाराशी चपला घालून उभे होते. पाटाच्या रस्त्याला मी पुढे, ते दहा पावलं मागे. बघणाऱ्यांना वाटायचं, यांचं भांडण झालंय. झालंच होतं. रसवंती मागे पडली, पुढचा पूल आला, पुलाच्या पलीकडचा पेरूवाला आला. थंडी होती तेवढीच होती. गच्ची धुऊन घेतली गेली, स्वेटर गेला, ताटली माळ्यावर गेली. शैलाताईने विचारलं, "दादाला माफ केलंस ना?" मी म्हणाले, "तपासणीनंतर विचार."

*

फेब्रुवारीच्या शेवटी तोच व्हरांडा, त्याच दोन खुर्च्या. या वेळी प्रमोद आत उभे होते. सहा मिनिटं संपली तेव्हा मी खुर्ची धरून उभी राहिले. आकडा एकदाही एकोणनव्वदच्या खाली गेला नव्हता. अंतर तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटर.

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "मशीन नको आत्ता. जूनपासून शाळेत जा, पण तळमजल्यावरचा वर्ग मागून घ्या."

"बारा मीटर कमी पडले."

"बारा मीटरने काय होतंय मॅडम?"

"चौतीस गुणांना मी पास करत नाही," मी म्हणाले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मागच्या आवारात गाड्या लावायच्या जागेपर्यंत आलो. मी थांबले. प्रमोदनी माझ्याकडे बघितलं आणि न सांगता त्यांना कळलं. "बारा मीटर म्हणजे माझी सोळा पावलं," ते म्हणाले. "मी मोजतो. चल."

ते शेजारी चालत मोठ्याने मोजू लागले. या वेळी मागे नव्हते. सात, आठ, नऊ. अकरावर त्यांचा आवाज अडला. कुंपणाच्या भिंतीवर, आमच्यापासून दोन हातांवर, एक कावळा येऊन बसला होता. प्रमोदच्या हातात पोळीभाजीचा डबा होता. त्यांनी कावळ्याकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारा."

सोळा झाली तेव्हा मी त्यांच्या हातातून डबा घेतला. माझा राग गेला होता म्हणून नाही. तो अजून आहे, मला तो लागतो. मी पोळीचा एक तुकडा मोडला, भिंतीवर ठेवला आणि म्हणाले, "चला आता."

कावळ्याने घास घेतला की नाही, मला माहीत नाही. आम्ही दोघांनीही मागे वळून बघितलं नाही.